भारी कोण? लॉट बघून बोला

कोल्हापुरात 'भारी कोण' याचा निकाल लागल्याशिवाय माणूस चहाचा कप खाली ठेवत नाही. फुटबॉलमध्ये पाटाकडील की दिलबहार, कुठल्या गल्लीतली मिसळ, कुठल्या तालमीचा पैलवान, हे वाद जुने आहेत. अलीकडं त्यात लॅम्बोर्गिनी की फेरारी याची भर पडली आहे. वाद घालणाऱ्या बहुतेक पोरांनी या गाड्या मोबाईलवरच पाहिलेल्या असतात, नाहीतर गोव्याला निघालेला एखादा ताफा हायवेवर पेट्रोलला थांबला तेव्हा. तरी ठासून सांगतात, "लंबोचा नाद करायचा न्हाई." बाहेरच्याला यात हसू येईल, मला येत नाही. शिरोलीपासून कागलपर्यंत जिथं रोज गाड्यांच्या पार्टसाठी लोखंड ओतलं जातं, त्या गावाला जगातल्या कुठल्याही गाडीबद्दल मत असायचा पूर्ण अधिकार आहे. फक्त ते मत रील बघून झालेलं नसावं. आपल्याला जे कळतं, त्यातून आलेलं असावं.

आपल्याला कळतं ते कास्टिंग. माझी नोकरी सगळी फाउंड्रीत, इन्स्पेक्शनला गेली. नवा पार्ट आला की आधी सॅम्पल काढतात. पॅटर्न ताजा असतो, कोअर जपून बसवलेला असतो, सगळ्यात मुरलेला मोल्डर बॉक्सपाशी उभा असतो आणि मेटलचं टेम्परेचर दोन-दोनदा तपासलेलं असतं. पीस देखणा निघतो. कस्टमर खूश, मालक खूश, पेढे येतात. मग महिन्याला हजारोंची ऑर्डर सुरू होते आणि खरा हिशेब तिथून पुढं लागतो. पावसाळ्यात वाळूतली ओल हलते, भंगाराचा मिक्स बदलतो, रात्रपाळीला एखादा पेंगतो आणि चार दिवसांनी मशीन शॉपमधून फोन येतो की बोअर केल्यावर आत ब्लो होल, म्हणजे गॅसनं पडलेली पोकळी, निघाला. सॅम्पल चांगलं निघालं एवढ्यावर आमच्याकडं कुणी कुणाला मोठं म्हणत नाही. लॉट, म्हणजे त्यानंतरचा सगळा माल, कसा गेला, ते विचारतात.

सुपरकार बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये श्रेष्ठ कोण, हे मी याच मापानं ठरवतो. या मापानं पोरांचे सगळे लाडके उमेदवार अडचणीत येतात, हे आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी टॉप स्पीडचा विषय मिटवू, कारण वाद नेहमी तिथूनच पेटतो. २००५ साली बुगाटीनं व्हेरॉन आणली. आठ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन, चार टर्बो, हजारावर हॉर्सपॉवर आणि चारशेच्या वर वेग. २०१७ मध्ये कोनिगसेगच्या अगेरा आरएसनं अमेरिकेत नेवाडातल्या एका रस्त्यावर दोन्ही दिशांना पळून ताशी ४४७ किलोमीटरची सरासरी गाठली. २०१९ मध्ये बुगाटीच्या शिरॉननं जर्मनीतल्या एरा-लेसिएनच्या ट्रॅकवर ४९० ओलांडले, पण एकाच दिशेनं पळून. तिथंच पोरांची भांडणं लागली: एका दिशेचं धरायचं की नाही? ते भांडण मिटायच्या आत २०२५ मध्ये चीनच्या बीवायडीची यांगवांग यू९ एक्स्ट्रीम ही विजेवरची गाडी पापेनबुर्गच्या ट्रॅकवर ४९६ च्या वर गेली. जी कंपनी लोकांना ऑफिसला जायच्या गाड्या आणि शहरांना बस विकते, तिनं हा आकडा खिशात घातला. तेव्हा टॉप स्पीडवरून घराणं ठरवायचं असेल, तर बुगाटीचं मोल्सहाइम आणि फेरारीचं मारानेल्लो दोन्हीकडची दुकानं बंद करून बीवायडीच्या शेन्झेनला जावं लागेल. कुठलाही लंबोप्रेमी याला तयार होणार नाही. म्हणजे त्याच्याही मनात माप वेगळंच आहे, तो फक्त आकडा पुढं करतो.

शिवाय रेकॉर्डची फेरी हे सॅम्पलच. खास ड्रायव्हर, खास टायर, हवा बघून निवडलेला दिवस. आणि रस्त्यावर त्या आकड्याचं काय करायचं, हा प्रश्न आहेच. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं, ते आपण सगळ्यांनी वाचलं. दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी पोर्शे होती, पण अशा वेगाला कुठल्याही कंपनीचं नाव लावलं तरी रस्त्यावरच्या माणसाला फरक पडत नाही. पन्हाळ्याच्या घाटात रविवारी सकाळी जे प्रकार चालतात, त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. इथं एवढंच की टॉप स्पीड मी मापातून काढून टाकला.

आता मेस्त्री लोकांकडं येऊ. यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा हळू चालतो, कारण प्रेम आहे. स्वीडनचा क्रिस्टियन फॉन कोनिगसेग यानं १९९४ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी कंपनी काढली. एंगेलहोल्म या छोट्या गावात, हवाई दलानं सोडलेल्या तळावर त्यांचा कारखाना आहे. त्यांच्या रेगेरा या गाडीला नेहमीचा गिअरबॉक्सच नाही. जेस्कोला त्यांनी स्वतःचा नऊ गिअरचा, एकाहून जास्त क्लच असलेला गिअरबॉक्स बनवला. कॅमशाफ्टशिवाय व्हॉल्व्ह हलवायच्या तंत्रावर ते वर्षानुवर्षं काम करत राहिले. उद्यमनगरात जन्मलेल्या कुणालाही ही वृत्ती घरची वाटेल. या शहराच्या इंजिनिअरिंगची गोष्ट म्हादबा मेस्त्रींपासून सांगतात, ती याचसाठी. बाहेरून आलेलं यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि मग "हे असंच का?" म्हणून स्वतःचं करायचं. पगानीचंही तसंच. होरासिओ पगानी अर्जेंटिनाहून इटलीत आला, लॅम्बोर्गिनीत कार्बन फायबरचं काम शिकला आणि १९९९ मध्ये झोंडा घेऊन स्वतः उभा राहिला. त्याच्या गाडीतला साधा बोल्टसुद्धा दागिन्यासारखा दिसतो.

पण हे सगळे सॅम्पलचे बादशहा आहेत. वर्षाला काही डझन गाड्या काढायच्या, प्रत्येकीभोवती महिनोन्‌महिने माणसं उभी करायची आणि गाडी बिघडली तर कारखान्यातून माणूस विमानानं पाठवायचा. यात कौशल्य नाही असं म्हणणारा मूर्ख ठरेल. तरी पाच हजारावी गाडी करायची वेळ त्यांच्यावर आलेलीच नाही. परीक्षेलाच न बसलेल्याला पहिला नंबर कसा द्यायचा? बुगाटीचंही तेच, फरक इतकाच की तिच्यामागं बरीच वर्षं फोक्सवॅगनचा अख्खा खजिना होता. पैशाचा प्रश्न नसताना केलेल्या कामाला मी कामच म्हणतो, पण कंपनी चालवणं म्हणत नाही.

इथं एक हरकत येते आणि ती कोल्हापूरकरानंच घ्यावी अशी आहे. पगानीचं इंजिन मर्सिडीजच्या एएमजीचं. मॅक्लारेननं आपल्या गाड्यांची इंजिनं इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या रिकार्डो या कंपनीकडून करून घेतली. १९९० च्या दशकातल्या मॅक्लारेन एफ१ ला तर बीएमडब्ल्यूचं इंजिन होतं. "इंजिन दुसऱ्याचं, मग गाडी तुमची कशी?" असा टोमणा फेरारीवाले मारतात. मला हा टोमणा मान्य नाही. आपलं सगळं गाव दुसऱ्याच्या नावावर चालणाऱ्या गाड्यांची कास्टिंगं ओततं. पुण्याच्या, चेन्नईच्या गाडीच्या बॉनेटवर शिरोलीचं नाव कुठं असतं? म्हणून काय ते काम हलकं झालं? बाहेरून पार्ट घेणं हा गुन्हा असेल, तर आपण सगळेच त्यातले साथीदार. कुठं बनलं यापेक्षा ड्रॉइंग कुणाचं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुणी ठरवला आणि रिजेक्शन झालं तर पैसे कुणी भरले, हे मी विचारीन. नोकरीत एका मोठ्या ग्राहकाचं ड्रॉइंग चुकलेलं असताना दोष आमच्या कास्टिंगवर ढकलला गेलेला मी पाहिलाय. तेव्हापासून "आम्ही सगळं आमच्याकडंच करतो" या जाहिरातीपेक्षा "चूक आमची" हे वाक्य मला मोठं वाटतं.

तर उरल्या चार कंपन्या: लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन, फेरारी आणि पोर्शे. या चौघींनी लॉट काढलेत.

लॅम्बोर्गिनीवर पोरांचं प्रेम का, ते मला कळतं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या माणसानं सुरू केलेली कंपनी ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात नाही आवडणार, तर कुठं आवडणार? फेरुचिओ लॅम्बोर्गिनीनं १९६३ मध्ये सांतागाता इथं गाड्यांचा कारखाना घातला आणि तीन वर्षांत मिउरा आणली. बारा सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं, तेही आडवं. आज आपण जिला सुपरकार म्हणतो तिचा साचा तिथं पडला, हे कुणीही नाकारू शकत नाही. पण त्या मिउराचा लॉट बघा. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालायचे. म्हणजे गिअरचा किस इंजिनच्या बेअरिंगपर्यंत पोचायची सोय कंपनीनंच करून ठेवलेली. शेवटच्या काही गाड्यांत दोन्ही तेलं वेगळी केली. जास्त वेगात पुढचा भाग हलका पडायचा तो वेगळाच. म्हणजे सॅम्पल दाखवून बाजार मारला आणि सुधारणा ग्राहकाच्या खर्चानं चालू राहिली.

त्यानंतर कंपनी किती हातांतून गेली: दिवाळखोरी, मग फ्रेंच-स्विस भाऊ, मग अमेरिकेची क्रायस्लर, मग इंडोनेशियाचे मालक आणि १९९८ ला ऑडी. खरा लॉट जमला तो ऑडी आल्यावर. २००३ ते २०१३ या काळात गलार्डो चौदा हजारांवर बनल्या. त्याआधी या कंपनीनं कुठल्याच एका मॉडेलचा एवढा आकडा पाहिला नव्हता. २०२४ मध्ये लॅम्बोर्गिनीनं १०,६८७ गाड्या दिल्या आणि त्यात उरुस या एसयूव्हीचा वाटा मोठा आहे. म्हणजे "लंबो भारी" म्हणणारा पोरगा नकळत जर्मन इन्स्पेक्शनचं कौतुक करत असतो. त्याला हे सांगितलं की तो चिडतो. चिडू दे.

मॅक्लारेनचं दुःख वेगळं आहे. अक्कल यांच्याइतकी कुणाकडं नाही. गॉर्डन मरे यांनी आखलेल्या एफ१ मध्ये ड्रायव्हर मधोमध बसायचा, इंजिनच्या कप्प्याला उष्णता परतवायला सोन्याचा पत्रा होता, आणि टर्बोशिवाय ती गाडी १९९८ मध्ये ताशी ३८६ किलोमीटरवर गेली. एकूण १०६ बनल्या. १९९५ ला तिच्याच रेसिंग आवृत्तीनं पहिल्याच प्रयत्नात ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. या गाड्यांची तपासणी करायला कंपनी नव्वदच्या दशकातले जुने कॉम्पॅक लॅपटॉप सांभाळून होती, कारण गाडीची भाषा नव्या लॅपटॉपला कळत नव्हती. हे वाचून मला हसू आलं आणि आदरही वाटला. जुना मापयंत्राचा डबा जपून ठेवणारे लोक आमच्याकडंही असतात. २०११ पासून मॅक्लारेननं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला, अगदी त्यातल्या त्यात स्वस्त गाडीलाही, कार्बन फायबरचा सांगाडा दिला. फेरारी हा सांगाडा आपल्या मोजक्या, अतिमहाग गाड्यांसाठी राखून ठेवते, बाकीच्यांना अॅल्युमिनियम. तेव्हा कागदावर मॅक्लारेन पहिली यायला हवी.

पण कागदावर कुठलीही फाउंड्री नफ्यात असते. गाड्यांच्या किरकोळ बिघाडांबद्दल मालकांची कुरकुर सतत राहिली. जुन्या मॅक्लारेनची किंमत झपाट्यानं पडते, यामागचं एक कारण तेच. पैशाची ओढाताण इतकी की २०२१ मध्ये वोकिंगचं आपलं मुख्यालय विकून तिथंच भाड्यानं राहावं लागलं. २०२५ मध्ये गाड्यांचा धंदा अबू धाबीच्या कंपनीकडं गेला. चांगलं ड्रॉइंग आणि ढिला शॉप फ्लोअर, असा हा मामला आहे.

फेरारीला मी दुसरा नंबर देतो आणि तो देताना त्रास होतो. कारण मारानेल्लोच्या आवारात फेरारीची स्वतःची फाउंड्री आहे. तिथं अॅल्युमिनियम वितळतं, इंजिनचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, शेजारी मशीनिंग होतं आणि त्याच आवारातून गाडी बाहेर पडते. आमच्याकडच्या कुठल्याही मेल्टिंगवाल्याला विचारा, पातळ भिंतीचं अॅल्युमिनियम हेड ओतणं म्हणजे काय असतं. आत पाण्याच्या वाटा, तेलाच्या वाटा, त्यांचे कोअर, त्यातून निघणारा गॅस आणि एवढं करून लीक टेस्टला पाणी सुटता कामा नये. आपला हात मुख्यतः लोखंडावर बसलेला, तरी त्या कामाची किंमत आपल्याला कळते. फॉर्म्युला वनच्या १९५० च्या पहिल्या मोसमापासून एकही मोसम न चुकवलेली ही एकच टीम. ल मान्सला पन्नास वर्षांनी परत येऊन २०२३ ला जिंकली, २०२४ ला जिंकली आणि २०२५ ला त्यांचीच गाडी एका खासगी टीमनं जिंकवली. २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या दिल्या. लॉट आहे, शर्यत आहे, फाउंड्री आहे. मग दुसरा का?

एक कारण गिऱ्हाइकाशी वागण्याचं. खास मॉडेल हवं असेल तर आधी कंपनीच्या बाकीच्या गाड्या घेतलेल्या असाव्या लागतात, मग यादीत नाव. पैसे देणाऱ्यालाच लायकी सिद्ध करायला लावणं, हे कोल्हापूरच्या बाजारात चाललं नसतं. पण हे कारण तसं किरकोळ. ज्याला परवडतं तो सहन करतो. मोठं कारण असं की फेरारीचं उत्तम ते वरच राहतं. एफ४०, एफ५०, एन्झो, लाफेरारी, एफ८० या एकाहून एक गाड्या. पण त्यांच्यात जे शिकलं ते खालच्या गाडीत उतरायला वेळ लागतो, आणि काही गोष्टी मुद्दाम उतरवल्या जात नाहीत, कारण वरच्याचं वरपण टिकवायचं असतं. धंदा म्हणून हे हुशारीचं आहे. कारखाना म्हणून मला ते पटत नाही. ज्या सॅम्पलमधून लॉट सुधारत नाही, ते सॅम्पल शोकेसमध्ये ठेवण्याच्या लायकीचं, एवढंच.

म्हणून पहिला नंबर पोर्शेला. हे ऐकून कट्ट्यावर पहिली आरोळी ठरलेली असते: "ती सुपरकार कुठाय? बेडकासारखी दिसती." दिसण्याबद्दल मी वाद घालत नाही. बाकीचं ऐका.

पोर्शेनं चाळीस वर्षांत, खऱ्या अर्थानं सगळं पणाला लावून, तीनच सुपरकार केल्या. पहिली ९५९, १९८६ ची. चारही चाकांना ताकद, एकामागून एक चालू होणारे दोन टर्बो, टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा, उंची खाली-वर होणारं सस्पेन्शन. त्या काळी हे सगळं एका गाडीत म्हणजे वेडेपणाच होता. तीनशेच्या आसपास बनल्या. याच गाडीनं १९८६ ची पॅरिस-डकार ही वाळवंटातली शर्यत मारली, आणि वाळवंट म्हणजे आपल्या रस्त्यांचा जरा गुळगुळीत भाऊ. त्यानंतर काय झालं, ते महत्त्वाचं. १९८९ ला चारही चाकांची ताकद ९११ या त्यांच्या नेहमीच्या गाडीत आली. १९९५ ला ९११ टर्बोमध्ये दोन टर्बो आणि चार चाकं एकत्र आली. सॅम्पल लॉटमध्ये उतरलं.

तिसरी ९१८ स्पायडर. पेट्रोल आणि वीज मिळून ८८७ हॉर्सपॉवर, नेमक्या ९१८ गाड्या. सप्टेंबर २०१३ मध्ये तिनं जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग या रेस ट्रॅकची फेरी ६ मिनिटं ५७ सेकंदांत मारली. जगभर रस्त्यावर चालवायला मान्यता असलेल्या विक्रीच्या गाडीनं सात मिनिटांच्या आत यायची ती पहिलीच वेळ. आता पुढचं पाहा. नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, ९११ जीटी३ आरएस तिथं उतरली. बॅटरीची मदत नाही, टर्बो नाही, सहा सिलिंडर, ५२५ हॉर्सपॉवर. तेच अंतर ६ मिनिटं ४४.८ सेकंदांत. साडेतीनशेहून जास्त हॉर्सपॉवर कमी असताना, कितीतरी कमी किमतीत, स्वतःच्याच घरातल्या सर्वश्रेष्ठ गाडीला बारा सेकंदांनी मागं टाकलं. एवढी वर्षं लॉट सुधारत राहिलं की कधीतरी तो सॅम्पलच्या पुढं जातो. फेरारी हे स्वतःच्या घरात सहजासहजी होऊ देणार नाही. पोर्शेनं होऊ दिलं.

दुसरीला, म्हणजे करेरा जीटीला, मी मुद्दाम मागं ठेवलं, कारण ती माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाते. दहा सिलिंडरचं इंजिन, सिरॅमिकचा क्लच, एकूण १,२७० गाड्या. घसरली तर सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. चालवायला अवघड म्हणून बदनाम. हॉलिवूडचा पॉल वॉकर २०१३ मध्ये याच गाडीत गेला. तपासात अतिवेग आणि जुने झालेले टायर ही कारणं निघाली, तरी गाडी माफ करणारी नव्हती हे खरंच. तिच्यातून खालच्या गाड्यांत फार काही आलं असंही दिसत नाही. तिच्या आवाजाचे भक्त भरपूर आहेत. मी त्यांच्यात नाही.

पण पोर्शेला पहिला नंबर द्यायचं माझं सगळ्यात मोठं कारण कुठल्या फेरीत नाही, रिजेक्शनमध्ये आहे. २०१४ साली नव्या जीटी३ च्या दोन गाड्या युरोपात जळाल्या. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल पडत होते. बनलेल्या सगळ्या ७८५ गाड्यांच्या मालकांना कंपनीनं सांगितलं की गाडी चालवू नका, आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. बोल्ट नाही, इंजिनं. आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर असा निर्णय म्हणजे काय असतं, ते ज्यानं एकदा तरी अख्खा लॉट परत घ्यायच्या चलनावर सही केली आहे त्यालाच कळेल. फेरारीवरही २०१० मध्ये अशीच वेळ आली होती. ४५८ च्या चाकाजवळच्या भागातलं चिकटद्रव्य तापून पेट घेत होतं, म्हणून १,२४८ गाड्या परत बोलावून तिथं रिव्हेट मारले. तोही निर्णय योग्यच. मात्र चिकटवलेल्या जागी रिव्हेट मारणं आणि अख्खं इंजिन बदलणं, यातल्या खर्चाचं अंतर मशीन शॉपमधला पोरगाही सांगेल.

पोर्शे साधूसंतांची कंपनी आहे, असं कुणी समजू नये. १९९० च्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतल्या आणि त्यानंतरच्या काही बॉक्स्टर आणि ९११ मध्ये इंजिनच्या आतली एक बेअरिंग निकामी व्हायची आणि सगळं इंजिन घेऊन जायची. तेव्हा अमेरिकेतल्या मालकांना कोर्टात जावं लागलं. २०१४ चा मोठेपणा त्या बदनामीतून आला असेल, तर असू दे.

लॉटची ही शिस्त त्यांच्याकडं जन्मापासून नव्हती, शिकलेली आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे बुडायला आली होती. कंपनीचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत तयार झालेले जपानी सल्लागार बोलावले. त्यांनी झुफेनहाउझेनच्या पोर्शेच्या कारखान्यात इंजिन असेंब्लीत पाऊल टाकलं तर दोन्ही बाजूंना पार्टांनी भरलेले उंच रॅक. माणूस कामापेक्षा पार्ट शोधण्यातच जास्त वेळ घालवायचा. सल्लागारानं करवत पुढं केली आणि वीडेकिंग यांनी स्वतः ते रॅक कापून बुटके केले. जर्मन कारागिरांना जपान्यानं शिकवावं, हा तेव्हा अपमान वाटला असणार. त्यांनी तो गिळला. गोकुळ शिरगावच्या कुठल्याही शॉपमध्ये गेलात तर भिंतीवर जपानी शब्दांचे बोर्ड दिसतात. त्यांच्याखालीच खोकी रचलेली असतात ती गोष्ट वेगळी.

आज जीटी३ चं नऊ हजार आरपीएमला जाणारं इंजिन जवळपास त्याच रूपात कप रेसच्या गाडीत बसतं, आणि ती रेसची गाडीसुद्धा झुफेनहाउझेनला रस्त्यावरच्या ९११ च्याच लाइनवर बनते. दहा लाखावी ९११ त्यांनी २०१७ मध्येच काढली. २०२४ या एका वर्षात पन्नास हजारांवर ९११ दिल्या, म्हणजे फेरारी आणि लॅम्बोर्गिनी यांच्या सगळ्या गाड्यांच्या बेरजेच्या दुप्पट. आणि तरी त्यातली सगळ्यात तिखट गाडी न्यूरबुर्गरिंगला करोडोंच्या गाड्यांना पाणी पाजते. हा लॉट आहे.

यावर एक हरकत उरते आणि ती मला सहज झटकता येत नाही. काही लोक म्हणतात की सुपरकार ही मुळात गरजेची वस्तूच नाही, तिला रिजेक्शनच्या टक्क्यात काय मोजता? ती स्वप्नासाठी असते. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक येते, तेव्हा तिचं टॉलरन्स कुणी विचारत नाही. माणसं नुसती बघत राहतात. मला हे मान्य आहे. मीही बघत राहतो. पण मेबॅक दरवर्षी येते, म्हणजे ती चालू होते. इतक्या दशकांनंतर ते इंजिन किल्लीला उठतं, ते ज्यांनी ओतलं आणि घासलं त्यांच्या हातांमुळं, आणि जे आज तिची देखभाल करतात त्यांच्यामुळं. स्वप्न दाखवायचा मान लॅम्बोर्गिनीला द्या, माझी ना नाही. प्रश्न श्रेष्ठ बनवणारा कोण, असा होता.

हा निकाल कायमचा नाही. पोर्शेनं २०२३ मध्ये मिशन एक्स नावाची विजेवरची चौथी सुपरकार नमुना म्हणून दाखवली. ती खरंच बनली आणि दहा वर्षांत तिच्यातलं काही ९११ मध्ये उतरलं नाही, नुसतीच शोकेसमध्ये उभी राहिली, तर माझा पहिला नंबर मारानेल्लोच्या फाउंड्रीला जाईल.